पान फाडणारा शिक्षक आणि पान मिळवून देणारा शिक्षक

शिक्षकावर काढलेल्या चित्रपटांची आपल्याकडे फारशी चिकित्सा होत नाही. असा चित्रपट पाहून प्रेक्षक गहिवरतो, आपल्या एखाद्या गुरुजींची आठवण काढतो आणि विषय तेथेच संपतो. जो समाज गुरूला देव मानतो आणि त्याच गुरूने एकलव्याचा अंगठा मागितल्याची कथाही भक्तिभावाने सांगतो, त्या समाजात ही चिकित्सा होऊ नये यात नवल नाही. परंतु ज्यांच्या कित्येक पिढ्यांना शाळेचा उंबरठा ओलांडू दिला गेला नाही, त्यांना शिक्षकाच्या प्रतिमेकडे असे गहिवरून पाहून चालणार नाही. हा शिक्षक कोणाला शिकवतो, काय शिकवतो आणि त्याच्या शिकवण्याने कोणाच्या जगण्यात कोणता फरक पडतो, हे प्रश्न आपण विचारलेच पाहिजेत.

हे प्रश्न मी येथे दोन अमेरिकन चित्रपटांना विचारणार आहे. एक 'डेड पोएट्स सोसायटी' (१९८९) आणि दुसरा त्याच्या एकच वर्ष आधीचा 'स्टँड अँड डिलिव्हर' (१९८८). दोन्हींचा नायक चाकोरीबाहेरचा शिक्षक आहे. दोन्हींत विद्यार्थी त्याच्यामुळे बदलतात आणि दोन्हींत संस्था त्याच्याकडे संशयाने पाहते. तरीही आम्हा प्राध्यापकांच्या उद्‌बोधन वर्गांत मी पहिल्या चित्रपटातले प्रसंग अनेकदा दाखवलेले पाहिले. दुसऱ्याचे नाव मात्र एकदाही ऐकले नाही. ही निवड मला निरागस वाटत नाही. कोणत्या शिक्षकाला आदर्श म्हणून समोर ठेवायचे, हे ठरवताना आपण कोणत्या विद्यार्थ्याला डोळ्यांसमोर धरतो हेही ठरत असते.

१

'डेड पोएट्स सोसायटी'चे दिग्दर्शक पीटर वीअर. जॉन कीटिंग या इंग्रजीच्या शिक्षकाची भूमिका रॉबिन विल्यम्स यांनी केली आहे. टॉम शुलमन यांच्या मूळ पटकथेला ऑस्कर मिळाले. कथा १९५९ सालची, व्हरमाँट राज्यातल्या वेल्टन अकॅडमी या काल्पनिक निवासी शाळेत घडणारी. परंपरा, प्रतिष्ठा, शिस्त आणि उत्कृष्टता हे या शाळेचे चार आधारस्तंभ. वर्षारंभीच्या समारंभात मुख्याध्यापक अभिमानाने सांगतात की, गेल्या वर्षी उत्तीर्ण झालेल्यांपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक विद्यार्थी देशातल्या सर्वांत नामवंत विद्यापीठांत गेले. या शाळेत कीटिंग येतो. तो स्वतः याच शाळेचा माजी विद्यार्थी आहे. तो मुलांना टेबलावर उभे करून जग वेगळ्या कोनातून पाहायला लावतो, आयुष्य थोडे आहे ते आपल्या मनाप्रमाणे जगा असे सांगतो. त्याच्या प्रेरणेने मुले रात्री एका गुहेत जमून कविता वाचू लागतात. नील पेरी या मुलाला नट व्हावेसे वाटते, वडिलांना तो डॉक्टर व्हायला हवा असतो. नील वडिलांची आज्ञा मोडून शेक्सपिअरच्या नाटकात काम करतो आणि त्याच रात्री वडिलांच्या पिस्तुलाने आत्महत्या करतो. शाळा कीटिंगला जबाबदार धरून काढून टाकते. शेवटी काही मुले टेबलांवर उभी राहून त्याला मानवंदना देतात.

या चित्रपटाचे सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही. टॉड अँडरसन नावाचा एक बुजरा मुलगा यात आहे. आपल्यात सांगण्यासारखे काहीच नाही अशी त्याची खात्री झालेली आहे. कीटिंग त्याला सर्वांसमोर उभा करतो, त्याचे डोळे झाकतो, त्याला फिरवतो आणि त्याच्या आतून शब्द ओढून काढतो. वर्गात पहिल्यांदा उभे राहून बोलताना ज्याचे पाय लटपटले आहेत, अशा कोणालाही हे दृश्य परके वाटणार नाही. आमच्यातल्या बहुतेकांच्या शालेय आयुष्यात असा शिक्षक नव्हता. आम्हांला गप्प बसवणारेच जास्त भेटले.

पण हा वर्ग कोणाचा आहे? त्यात एकही काळा मुलगा नाही, मुली नाहीत, मजुराचा मुलगा नाही. हा १९५९ चा काळ आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवून पाच वर्षे झालेली आहेत. आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक येथे १९५७ साली नऊ काळ्या विद्यार्थ्यांना शाळेत पोचवण्यासाठी केंद्राला सैन्य पाठवावे लागले, त्याला अवघी दोन वर्षे झालेली आहेत. शाळेच्या दारात देशाचा इतिहास घडत असताना वेल्टनच्या वर्गात स्वातंत्र्याची कविता वाचली जाते आणि या वर्गात कोण बसू शकतो हा प्रश्न कोणाच्याही ओठांवर येत नाही. त्या शाळेतल्या मुलांचे एक वेळ समजू शकते. पण चित्रपट १९८९ साली निघालेला आहे. मधली तीस वर्षे कलावंतांना ठाऊक होती.

२

या चित्रपटातला सर्वांत गाजलेला प्रसंग पान फाडण्याचा. कवितेच्या पाठ्यपुस्तकाला कोणा प्रिचर्ड नावाच्या विद्वानाची प्रस्तावना आहे. कवितेचे मोठेपण आलेखावर मोजावे, एका अक्षावर तिची रचना आणि दुसऱ्यावर तिच्या आशयाचे महत्त्व, असे ती प्रस्तावना सांगते. कीटिंग फळ्यावर तो आलेख काढतो, मग हे सारे भंपक आहे असे सांगून मुलांना ती पाने फाडायला लावतो.

हे दोन्ही चित्रपट मी आमच्या तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात बी.ए.च्या विद्यार्थ्यांना लागोपाठच्या दोन शनिवारी दाखवले. पान फाडण्याच्या प्रसंगाला उद्‌बोधन वर्गात टाळ्या पडतात; आमच्या वर्गात शांतता होती. नंतर एका मुलीने विचारले, "सर, पुस्तक ग्रंथालयाचं असलं तर?" सगळे हसले. तिचा पुढचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता : "आणि पेपरात तोच प्रश्न आला तर काय लिहायचं?"

या मुलीला कविता कळत नाही असे कोणी म्हणू नये. ती उत्तम ओव्या गाणाऱ्या आजीची नात आहे. तिला कळले ते असे, की पान फाडण्याची चैन त्यालाच परवडते ज्याला ते पान न वाचताही पुढची जागा राखून ठेवलेली आहे. वेल्टनच्या मुलांनी प्रिचर्ड फाडला तरी त्यांच्या घरातल्या कपाटांत दुसरी पुस्तके आहेत, जेवणाच्या टेबलावर ती भाषा आहे, वडिलांच्या ओळखी आहेत. डॉ. आंबेडकरांना शाळेत संस्कृत शिकू दिले गेले नाही, त्यांना फारसी घ्यावी लागली. ज्यांच्या वाट्याला पानच आले नाही, त्यांच्यापुढे पान फाडण्याला स्वातंत्र्याचे प्रतीक म्हणून ठेवणे ही क्रूर थट्टा आहे.

याचा अर्थ पान फाडूच नये असा नाही. आपल्या चळवळीचा एक महत्त्वाचा क्षण ग्रंथ जाळण्याचा आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. पण तेथे एका ग्रंथाने कोट्यवधी माणसांचे जगणे कसे बांधून ठेवले आहे याची चिकित्सा आधी झाली होती, हजारोंच्या साक्षीने ठराव झाला होता आणि त्या दहनाने माणसामाणसांतल्या संबंधांविषयी जाहीर भूमिका घेतली होती. कीटिंगच्या वर्गात प्रत्येक मुलगा आपापले पान फाडतो, आपापले असाधारण आयुष्य शोधण्यासाठी. एका कृतीने समाजाला आव्हान दिले जाते, दुसरीने व्यक्तीचा कंटाळा दूर होतो.

३

आता दुसरा वर्ग पाहू. 'स्टँड अँड डिलिव्हर'चे दिग्दर्शक रामोन मेनेंडेस. नायक हायमे एस्कलांते हा खराखुरा माणूस. १९३० साली बोलिव्हियातल्या ला पाझ येथे जन्मलेला, तेथे शिक्षकी केलेला. १९६० नंतरच्या दशकात तो अमेरिकेत आला, तेव्हा त्याच्या पदवीला तेथे किंमत नव्हती. हॉटेलात फरशी पुसण्यासारखी कामे करीत त्याने पुन्हा शिक्षण घेतले आणि १९७४ पासून पूर्व लॉस एंजेलिसच्या गारफील्ड हायस्कूलमध्ये तो शिकवू लागला. विद्यार्थी बहुतेक मेक्सिकन वंशाच्या कष्टकऱ्यांची मुले. एडवर्ड जेम्स ओल्मोस यांनी ही भूमिका केली आणि त्यासाठी त्यांना ऑस्करचे नामांकन मिळाले.

चित्रपटातला एस्कलांते संगणक शिकवायला येतो, पण शाळेत संगणकच नाहीत. त्याच्या हाती गणित दिले जाते. तो मुलांना अपूर्णांकांपासून वर आणतो आणि कलनशास्त्राच्या अशा परीक्षेला बसवायचे ठरवतो, जी उत्तीर्ण झाल्यास पुढे महाविद्यालयात श्रेयांक मिळतात. गणिताची विभागप्रमुख बाई विरोध करते. ही मुले नापास झाली तर त्यांच्याजवळ जो थोडाफार आत्मविश्वास आहे तोही जाईल, असे तिचे म्हणणे. हे वाक्य आपल्यातल्या प्रत्येकाने कोणत्या ना कोणत्या रूपात ऐकलेले आहे. "तुला झेपणार नाही, कला शाखेला जा", "सायन्स तुमच्या मुलांचं काम नाही." हा तिरस्कार असता तर त्याच्याशी भांडता आले असते, तो काळजीच्या भाषेत येतो, म्हणून त्याच्याशी भांडणे अवघड जाते.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. पहिल्या चित्रपटात फळ्यावरचा आलेख हा जुलमाचे चिन्ह आहे, दुसऱ्यात फळ्यावरचा आलेख हाच सुटकेचा मार्ग आहे. वस्तू तीच, अर्थ उलटा. हा फरक कविता आणि गणित यांच्यातला नाही. मोजमापाची भाषा ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे त्यांना तिचा उबग येऊ शकतो. ज्यांना त्याच भाषेने अपात्र ठरवले आहे त्यांना आधी ती हस्तगत करावी लागते. एस्कलांते ऋण संख्या शिकवताना वाळूत खड्डा खणण्याचे उदाहरण देतो : खड्डा म्हणजे उणे, काढलेली वाळू म्हणजे अधिक, पुन्हा भरले की शून्य. तो मुलांना सांगतो की, ग्रीकांना आणि रोमनांना न सुचलेली शून्याची कल्पना तुमच्या माया पूर्वजांची आहे. परक्या वाटणाऱ्या विद्येवर तो त्यांचा वारसाहक्क सांगतो.

आणि घराचे काय? कीटिंगच्या विद्यार्थ्यांना रात्री गुहेत जायला वेळ आहे. एस्कलांतेच्या वर्गातल्या मुलांना घरची धाकटी भावंडे सांभाळायची आहेत, आजारी आजीला दवाखान्यात न्यायचे आहे. एंजेल हा टोळीतला मुलगा पुस्तकाच्या तीन प्रती मागून घेतो, एक वर्गात, एक कपाटात, एक घरी. हातात पुस्तक घेऊन जाताना तो मित्रांना दिसायला नको आहे. अभ्यास लपवून करावा लागणे म्हणजे काय, हे आमच्या विद्यार्थ्यांना समजावून सांगावे लागले नाही. पेट्रोल पंपावर रात्रपाळी करणारा आमचा एक विद्यार्थी पुस्तकाला जाहिरातीच्या कागदाचे वेष्टन घालतो. मालकाला ते हिशेबाचे पुस्तक वाटावे म्हणून.

४

दोन्ही चित्रपटांतल्या वडिलांकडे आपल्या समीक्षकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. नीलचे वडील हे 'डेड पोएट्स सोसायटी'चे खलनायक आहेत. करडे, हट्टी, मुलाचे मन न जाणणारे. पण चित्रपटच आपल्याला सांगतो की पेरी कुटुंब इतर मुलांच्या कुटुंबांइतके श्रीमंत नाही, आणि ज्या संधींची मी कल्पनाही करू शकलो नाही त्या तुला मिळत आहेत, असे हा बाप मुलाला ऐकवतो. म्हणजे या शाळेत स्वतःच्या हिमतीवर पायरी चढू पाहणारे जे एक घर आहे, नेमके तेच घर चित्रपटाने खलत्वासाठी निवडले. त्याच्या भीतीचा उगम कोठे आहे हे पाहण्याची चित्रपटाला गरज वाटत नाही. मी या बापाचे समर्थन करीत नाही, त्याच्या हट्टाने मुलाचा जीव गेला. परंतु पहिल्या पिढीत पदवीधर झालेला माणूस या बापाकडे तिऱ्हाईतासारखे पाहू शकत नाही. मुलाच्या हातून संधी निसटेल ही धास्ती आमच्या घरांत रोज जेवायला बसते.

कीटिंग या बापाच्या दारी जात नाही. तो नीलला सांगतो, वडिलांशी बोल. नील बोलल्याचे खोटेच सांगतो, आणि कीटिंग त्यावर थांबतो. प्रेरणा देणे हे शिक्षकाचे काम आणि तिची किंमत घरी जाऊन चुकवणे हे मुलाचे, अशी ही नकळत झालेली वाटणी आहे. कीटिंग बेफिकीर आहे असे मात्र म्हणता येणार नाही. चार्ली डाल्टन पोरकट धिटाई करून शाळा अंगावर ओढवून घेतो, तेव्हा कीटिंग त्याला सावधपणाचीही एक वेळ असते असे बजावतो. पण हे बजावणे वर्गाच्या भिंतीत राहते.

'स्टँड अँड डिलिव्हर'मधल्या अ‍ॅनाचे वडील खाणावळ चालवतात. मुलीने शाळा सोडून तेथे काम करावे असे ते ठरवतात. एस्कलांते त्या खाणावळीत जातो, वाद घालतो, काही तिखटही बोलून जातो आणि त्याला जवळजवळ हाकलून दिले जाते. भांडी घासण्यापासून सुरुवात करून मी ही खाणावळ उभी केली, माझे आयुष्य काय वाया गेले, असे तो बाप विचारतो. त्या प्रश्नात अपमान झालेल्या श्रमाचा स्वाभिमान आहे आणि चित्रपट त्याला खलनायक करीत नाही. अ‍ॅना वर्गात परत येते. हा शिक्षक दारापर्यंत गेला म्हणून ती परतू शकली. आपल्या गावांत दहावीनंतर ज्या मुली पटावरून नाहीशा होतात, त्यांच्या दारापर्यंत कोणी गेले होते काय, हा प्रश्न मला या प्रसंगाने विचारायला लावला.

५

'स्टँड अँड डिलिव्हर'चा खरा गाभा मात्र परीक्षेनंतर येतो. १९८२ साली गारफील्डचे १८ विद्यार्थी त्या परीक्षेला बसले आणि सर्व उत्तीर्ण झाले. परीक्षा घेणाऱ्या संस्थेने त्यांतल्या १४ जणांच्या उत्तरपत्रिकांवर संशय घेतला. चुकासुद्धा सारख्याच आहेत, असे कारण दिले. १४ पैकी १२ जण फेरपरीक्षेला बसले आणि सर्व १२ पुन्हा उत्तीर्ण झाले. चित्रपटात सर्वच्या सर्व १८ जण केवळ एका दिवसाच्या तयारीने फेरपरीक्षा देतात, हा पटकथेने घेतलेला सोईस्कर बदल आहे. एस्कलांतेवर पुस्तक लिहिणाऱ्या जे मॅथ्यूज या पत्रकाराने नंतर असेही लिहिले की, पहिल्या वेळी एका प्रश्नात काहींनी एकमेकांची मदत घेतली असावी. ते खरे धरले तरी फेरपरीक्षेच्या निकालाने या मुलांना गणित येत होते ही गोष्ट निर्विवाद सिद्ध केली.

चित्रपटात चौकशीला आलेल्या दोन अधिकाऱ्यांपैकी एक स्वतः लॅटिनो आहे, दुसरा काळा आहे. ही पटकथेतली सर्वांत धारदार गोष्ट मला वाटते. संशय घेणारी यंत्रणा आपल्याच माणसांच्या हातून काम करून घेऊ शकते. आम्ही नियमानेच वागतो, असे ते म्हणतात. एस्कलांतेचा प्रश्न एवढाच असतो की, ही नावे वेगळी असती आणि ही मुले सधन वस्तीतल्या शाळेची असती, तर असा संशय आला असता काय?

आता वेल्टनकडे पुन्हा पाहा. तीन चतुर्थांशाहून अधिक मुले नामवंत विद्यापीठांत जातात, याचा तेथे कोणालाही संशय येत नाही. त्याला परंपरा म्हणतात. गारफील्डची १८ मुले एका विषयात उत्तीर्ण होतात, त्याला फसवणूक म्हणतात. गुणवत्ता हा शब्द आपल्या देशात ज्या अर्थाने वापरला जातो, त्याची याहून नेमकी व्याख्या मला सापडलेली नाही. दिल्लीच्या 'एम्स'मधल्या जातिभेदाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या थोरात समितीचा अहवाल २००७ साली आला. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांनी परीक्षांतल्या मूल्यमापनापासून वसतिगृहापर्यंतच्या भेदभावाविषयी जे सांगितले, ते त्यात नोंदलेले आहे. राखीव जागेवर आलेल्याला 'कोट्यातला' म्हणायचे आणि खुल्या जागेवर आलेल्याला 'कसा काय आला' म्हणून पाहायचे, म्हणजे दोन्हीकडून त्याला पुन्हा परीक्षेला बसवायचे. ही फेरपरीक्षा आयुष्यभर चालते.

६

एवढे असूनही 'स्टँड अँड डिलिव्हर' हा आपला चित्रपट म्हणून डोक्यावर घ्यावा असे मला वाटत नाही. त्याची मर्यादा अधिक धोक्याची आहे, कारण ती आपल्याला गोड लागते. एस्कलांतेचा परवलीचा शब्द 'गानास', म्हणजे आतून उठणारी इच्छा, ईर्षा. तुमच्यात ती असली की बाकीचे मी पाहतो, असे तो म्हणतो. चित्रपटात हे यश झटपट येते. वास्तवात एस्कलांते १९७४ ला आला आणि १९८२ चा निकाल यायला आठ वर्षे लागली. कलनशास्त्राचा पहिला वर्ग मूठभर मुलांचा होता. बेन हिमेनेस हा सहकारी शिक्षक बरोबर होता, हेन्री ग्रादियास हा पाठीशी उभा राहणारा मुख्याध्यापक होता, उन्हाळी वर्ग होते, खालच्या इयत्तांपासून गणिताची पायाभरणी होती. चित्रपटाच्या अखेरीस पडद्यावर आकडे येतात : १९८२ साली १८, १९८७ साली ८७. या आकड्यांमागची ही माणसे आणि ही वर्षे पडद्यावर नाहीत. एस्कलांतेने १९९१ साली ती शाळा सोडली आणि पुढच्या काही वर्षांत तेथील उत्तीर्णांची संख्या खूप घसरली. व्यवस्था मोडली तेव्हा इच्छा कमी पडली, याचा याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

हाच एस्कलांते १९९८ साली कॅलिफोर्नियात द्वैभाषिक शिक्षणाविरुद्धच्या मोहिमेचा मानद प्रमुख झाला. ज्या मुलांना त्याने त्यांच्या पूर्वजांचा शून्य परत दिला, त्यांच्या घरच्या भाषेला शाळेत जागा नको, असे म्हणणाऱ्यांच्या बाजूला तो उभा राहिला. व्यक्तीला देव केले की अशा वेळी आपली अडचण होते.

सरकारला आणि संस्थाचालकांना इच्छाशक्तीची ही कथा फार आवडते. एका झपाटलेल्या शिक्षकाने काम भागत असेल तर पदे भरायची कशाला? आमच्या महाविद्यालयांत कितीतरी शिक्षक तासिका तत्त्वावर, तासाच्या हिशेबाने राबतात, त्यांना सुट्टीचा पगार नाही, पुढच्या वर्षीची खात्री नाही. त्यांनी कीटिंगसारखे टेबलावर उभे राहावे की एस्कलांतेसारखे सुट्टीत वर्ग घ्यावेत? आणि मुलगा मागे पडला तर म्हणता येते की त्याच्यात इच्छाच नव्हती. पहिला चित्रपट मुलाच्या मृत्यूचे खापर एका बापावर आणि एका मुख्याध्यापकावर फोडून मोकळा होतो, दुसरा यशाचे श्रेय एका शिक्षकाला देऊन मोकळा होतो. व्यवस्थेला दोघेही सोडून देतात. २०१६ साली हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुलाचा मृत्यू झाला, तेव्हा देशभरच्या विद्यार्थ्यांनी 'ही संस्थात्मक हत्या आहे' असे म्हटले. त्या शब्दाने जे दाखवले, ते दाखवण्याची हिंमत या दोन्ही चित्रपटांत नाही.

७

मग आपण कोणता शिक्षक मागायचा? आपल्या इतिहासात त्याचे उत्तर शोधता येते. भीमराव आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. हे कीटिंगचे काम झाले, मनात काहीतरी पेटवण्याचे. पण केळुसकर तेथे थांबले नाहीत. पुढच्या शिक्षणाची अडचण आली तेव्हा त्यांनी सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला आणि महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. पुस्तक आणि पंचवीस रुपये या दोन गोष्टी एकाच शिक्षकाच्या हातून आल्या. पुढे बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. कोणा एका केळुसकरांच्या चांगुलपणावर पुढच्या पिढीने अवलंबून राहू नये, याची ती तजवीज होती.

आवाजाची गोष्टही आपल्याला नवी नाही. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तिच्या मागे अवघी काही वर्षांची शाळा होती. टॉड अँडरसनला आवाज सापडतो तेव्हा तो स्वतःविषयी बोलतो, मुक्ताला आवाज सापडतो तेव्हा ती महारामांगांच्या दुःखाविषयी बोलते आणि धर्माला जाब विचारते. दलित साहित्याची सगळी वाट या फरकातून गेलेली आहे. आमच्या मुलांना केवळ गणित आणि नोकरी द्या, कविता त्यांच्या कामाची नाही, असे म्हणणाऱ्यांशी म्हणूनच मी सहमत होऊ शकत नाही. त्यांना कविता हवीच आहे. फक्त ती शिष्यवृत्तीच्या अर्जाऐवजी नको आहे.

माझ्या बरोबरीच्या शिक्षकांना यातून काही साध्या गोष्टी घेता येतील. 'महाडीबीटी'वरचा अर्ज मुदतीत भरला गेला की नाही हे पाहणे हे शिकवण्याचेच काम आहे. वर्गातून नाहीशी झालेली मुलगी कोठे गेली हे विचारायला तिच्या दारी जाणे हेही शिकवण्याचेच काम आहे. पहिल्या पिढीतला विद्यार्थी चांगले गुण घेऊन आला आणि शिक्षककक्षात कोणी भुवई उंचावली, तर तेथल्या तेथे बोलणे हेही. आणि रिक्त पदांसाठी, ग्रंथालयासाठी, वसतिगृहासाठी मोर्चात उभे राहणे हेही. यातले काहीच पडद्यावर शोभून दिसणार नाही. विद्यार्थी संघटनांनी आपल्या शिबिरांत हे दोन्ही चित्रपट जरूर दाखवावेत, पण लागोपाठ दाखवावेत. दिवे लागल्यावर टाळ्यांसाठी न थांबता पहिला प्रश्न असा विचारावा : आपल्या वर्गात वर्षाच्या सुरुवातीला किती नावे होती, आणि आज त्यांतली किती उरली आहेत?